सव्वा मूठ गहू आणि परग्रहावरचा पाहुणा

(धुळ्यातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, हे पुस्तक दिसायला जाडजूड आहे, पण एका बैठकीत संपतं. साध्या रेघांची चित्रं, खाली एखाद-दोन ओळी, बाकी पांढरी जागा. मागं बसलेले काका म्हणतील, हे तर पोरांचं कॉमिक. म्हणू द्या. नर्मदेच्या धरणावर ओरिजित सेन यांनी १९९४ साली 'रिव्हर ऑफ स्टोरीज' काढलं, तेही चित्रांतच. त्या धरणाच्या पाण्याखाली अक्राणी-अक्कलकुव्याची गावं गेली, हे नंदुरबारकडच्या मंडळींना मी काय सांगणार?

आजचं पुस्तक जॉनी सन यांचं, २०१७ सालचं: 'एव्हरीवन्स अ एलिब्न व्हेन यू आर अ एलिब्न टू'. जॉम्नी नावाचा एक परग्रहवासी आहे. माणसं कशी असतात ते बघून ये, म्हणून त्याच्या लोकांनी त्याला पृथ्वीवर धाडलंय. तो आपल्या लोकांतही एकटाच पडलेला. इथं त्याला भेटतं झाड, भेटतं अस्वल, भेटतं एक अंडं. आणि हा त्या सगळ्यांना माणसंच समजून बसतो. अंड्याला घोर लागलाय की आपण पुढे नेमकं काय होणार. दहावीचं पोर घरात असेल त्यांना हे अंडं ओळखीचं वाटेल.

मला धरून ठेवलं ते मात्र त्यातल्या अक्षरांनी. पुस्तकाच्या नावातच 'एलियन' हा शब्द चुकवून 'एलिब्न' असा छापलाय, आणि आतही पानोपानी असंच. मुद्दाम. नवख्या माणसाची भाषा जशी अडखळते, तशी. इंग्रजी वाचकाला त्याची गंमत वाटत असेल. मला माझी चौथीची वही आठवली. 'माझे घर' या निबंधात मी लिहिलं होतं, 'आमी वावरमां जातस.' घरात अहिराणी, शाळेत प्रमाण मराठी. मला वाटलं होतं, दोन्ही एकच. गुरुजींनी पान लाल करून टाकलं. आईला वाचता येत नव्हतं. लाल शाई बघून तिला वाटलं, पोराचं कौतुक झालंय, आणि तिनं ती वही शेजारी नेऊन दाखवली.

म्हणून या पुस्तकाचं मराठी कुणी करायला घेतलं तर माझी एकच विनंती आहे: शुद्धलेखन तपासणाऱ्याला जवळ फिरकू देऊ नका. जॉम्नीच्या चुका दुरुस्त केल्या की जॉम्नीच उरत नाही, नुसता एक हिरवट सज्जन उरतो.

आता हा पाहुणा जंगलाऐवजी श्रावणात आपल्याकडे उतरला तर? नागपंचमीनंतरचा रविवार, आमची खानदेशची देवी कानबाई घरात बसलेली. त्याच्या टिपणात काय येईल? 'हे लोक एका नारळाला नथ घालतात, डोळे लावतात आणि रात्रभर त्याच्यासमोर गाणी म्हणतात. सोमवारी सकाळी त्याला वाजतगाजत नदीवर नेतात आणि बायका रडतात.' इथवर आपण हसू. पण तो रोटाच्या, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या, गव्हाकडेही बघणार. आमच्या घरी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा-सव्वा मूठ गहू घेतात. निवडायचे बायकांनी, दळायचे बायकांनी, पुरणपोळ्या बायकांनीच लाटायच्या. मूठ मात्र पुरुषांच्याच नावाची. पन्नास वर्षं मी ते रोट खातोय, माझ्या नावाची मूठ आपसूक पडतेय, आणि हे कधी डोळ्यांवर आलं नाही. श्रद्धेबद्दल माझी तक्रार नाही, कानबाई माझीही आहे. तक्रार माझ्या डोळ्यांबद्दल आहे.

हे दिसलं ते पुतणीमुळे. ती नऊ वर्षांची. जॉम्नीची चित्रं बघून तिनंही वहीत चौकटी आखल्या. पहिल्या चौकटीत आजी सुपात मुठी टाकतेय: काका, बाबा, दादा, पाळण्यातला चुलतभाऊ. दुसऱ्यात दोन शिंगांचा पाहुणा बोटं मोजतोय. तिसरी चौकट तिनं रिकामी सोडली. चौथीत पाहुणा नाहीच, ती स्वतः उभी आहे, आणि डोक्यावरच्या फुग्यात, अहिराणीत, काना-मात्रा चुकवून लिहिलंय: 'मनी मुठ कोठे शे?' माझी मूठ कुठे आहे?

आजीनं ते पान देव्हाऱ्यात ठेवलंय. पुढच्या श्रावणाला अजून चार महिने आहेत.