स्तिक्लो आणि स्तकान

श्रोतेहो, नमस्कार. आपण 'स्टीलचा ग्लास' अगदी सहज म्हणतो. इंग्रजीत ग्लास म्हणजे आधी काच, मग काचेचं भांडं. आपण भांड्याचं नाव तेवढं उचललं आणि काच तिथेच सोडून दिली. रशियन भाषेत हाच प्रवास उलटा झालाय.

काचेला रशियन शब्द आहे 'स्तिक्लो'. हा स्लाव्ह लोकांना, म्हणजे रशियन, चेक, पोलिश यांच्या पूर्वजांना, मिळाला गॉथ या जर्मानिक लोकांकडून. चौथ्या शतकातल्या गॉथिक बायबलमध्ये 'स्टिक्ल्स' असा शब्द येतो, अर्थ पेयपात्र. त्याचं मूळ टोचणं, टोकदार असणं या अर्थाच्या धातूत आहे, म्हणून मुळात ते टोकदार शिंगाचं पात्र असावं असं मानतात. म्हणजे आधी भांडं, त्यावरून काच! चेक भाषेत ती 'स्क्लो' झाली. पोलिश लोकांनी तर काचेच्या शब्दावरूनच पुन्हा पेल्यासाठी 'श्क्लांका' घडवला. फिरून गाडी मूळ स्टेशनात.

रशियनांनी मात्र पेल्यासाठी 'स्तकान' घेतला, तोही तुर्की कुळातल्या भाषांतून. जुनं रूप 'दस्तकान'. कझाक भाषेतला 'तोस्तगान' त्याचाच भाऊबंद, आणि तो चक्क लाकडी वाडगा. तेव्हा आपल्या स्टीलच्या ग्लासाला हसायचं कारण नाही.

सोव्हिएत काळातला पैलूदार स्तकान तर घरोघरी होता. जाड काच, बाजूंना उभे पैलू, वर गुळगुळीत पट्टा. पट्ट्यापर्यंत भरला की २०० मिलिलिटर, काठोकाठ २५०. त्यामुळे पीठ-साखर मोजायला घरात वेगळं माप लागायचं नाही. १९४३ मध्ये गूस-ख्रुस्ताल्नी या काचगावात तो तयार झाला, आणि घडवला शिल्पकार वेरा मूखिना यांनी, असं सांगतात. गोष्ट छान आहे, पण रशियन चित्रकार पेत्रोव्ह-वोदकिन यांच्या १९१८ च्या चित्रात चहाने भरलेला पैलूदार पेला स्पष्ट दिसतो. मूखिनाबाईंनी फार तर त्याला नवं रूप दिलं असेल.

रशियन रेल्वेत चहा मिळतो तो पातळ काचेच्या स्तकानात. हात भाजू नये म्हणून त्याला धातूची कानवाली बैठक असते, तिचं नाव 'पदस्ताकान्निक', शब्दशः 'स्तकानाखालचं'. मध्य आशियात चहा पितात तो बिनकानाच्या वाडगीतून. तिला रशियन लोक 'पिआला' म्हणतात. हा शब्द फारसी, आणि आपला 'प्याला'ही तिथूनच आलेला.