पहिला प्रोग्रॅमर कोणता घ्यावा?

विद्यार्थी मित्रांनो, मायक्रोकंट्रोलरकडे नव्याने वळलेल्यांचा पहिला प्रश्न बहुधा ‘सर, बर्नर (म्हणजेच प्रोग्रॅमर) कोणता घेऊ?’ हाच असतो आणि त्याचे उत्तर एका नावात मिळावे अशी त्यांची अपेक्षा असते. ते नाव मी सांगणार आहे. परंतु आधी चिप ठरते आणि मग तिच्यामागून प्रोग्रॅमर येतो, हा क्रम उलटला की पैसे वाया जातात.

संगणकावर तयार झालेली हेक्स फाइल, म्हणजे आपल्या कोडचे चिपला समजणारे रूप, चिपच्या फ्लॅश मेमरीत उतरवणे, हे प्रोग्रॅमरचे मुख्य काम. ते कोणत्या पिनांवरून आणि कोणत्या संकेतांनी करायचे हे मात्र चिप बनवणारी कंपनी ठरवते. ॲटमेलच्या जुन्या एव्हीआर कुळातल्या चिपांना मोसी, मिसो, एससीके आणि रिसेट या चार संकेततारा लागतात, एसटीएम३२ ला दोन पुरतात, तर नव्या एटीटायनी चिपांचे काम यूपीडीआय या एकाच पिनवर भागते. ॲटमेल कंपनी २०१६ मध्ये मायक्रोचिपने विकत घेतल्यामुळे मायक्रोचिपचे पिक आणि ॲटमेलचे एव्हीआर ही चिपांची कुळे आज एकाच घरात नांदत असले, तरी त्यांच्या प्रोग्रॅमिंगच्या पद्धती वेगळ्याच राहिल्या आहेत. पदविकेला ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर शिकणाऱ्यांनी तर एका अक्षराकडेही लक्ष द्यावे: एटी८९एस५२ सर्किटमध्ये असतानाच प्रोग्रॅम करता येते, एटी८९सी५१ मात्र काढून वेगळ्या प्रोग्रॅमरवर बसवावी लागते.

‘सगळ्यांना चालेल असा एक द्या’ असे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सांगितले, तर झिफ सॉकेटचा (दांडीने चिप पकडणाऱ्या खोबणीचा) युनिव्हर्सल प्रोग्रॅमर पुढे येईल. बायोस आणि ईप्रॉम या मेमरी चिपा हाताळणाऱ्या दुरुस्ती-कारागिराला तो उपयोगाचा आहे. शिकणारा मात्र एकाच संध्याकाळी तोच कोड अनेकदा बदलून पाहतो. दर वेळी चिप ब्रेडबोर्डवरून उपटून सॉकेटमध्ये बसवायची म्हटले, तर पिना वाकतात आणि उत्साहही मावळतो. म्हणून सर्किटमध्येच प्रोग्रॅम करणारे साधन घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

एटीमेगा३२८पी ही एव्हीआर चिप धरली, तर माझे उत्तर यूएसबीएएसपी. थॉमस फिशल यांनी तयार केलेली ही रचना खुली आहे, तिच्यात एटीमेगा८ सारखी साधी चिप वापरलेली असते आणि एव्हीआरड्यूड हे मोफत सॉफ्टवेअर तिला ओळखते. विंडोजवर तिच्यासाठी वेगळा ड्रायव्हर बसवावा लागतो, एवढे सोडले तर सुरुवात सोपी आहे. तुमच्याजवळ आर्डुइनो उनो असेल, तर हाही खर्च टळतो: त्यावर ‘आर्डुइनो आयएसपी’ हे स्केच (आर्डुइनोचा प्रोग्रॅम) चढवले की तोच बोर्ड दुसऱ्या चिपसाठी प्रोग्रॅमर होतो, स्केच चढवून झाल्यावर त्याच्या रिसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायला विसरू नये.

आता ज्या ठिकाणी नवखे हटकून अडतात तिथे थोडे थांबू. कारखान्यातून आलेली कोरी एटीमेगा३२८पी आतल्या ८ मेगाहर्ट्झ ऑसिलेटरला ८ ने भागून, म्हणजे १ मेगाहर्ट्झवर चालते. प्रोग्रॅमिंगच्या घड्याळाचा वेग चिपच्या वेगाच्या एक चतुर्थांशापेक्षा कमी असावा लागतो, म्हणजे इथे २५० किलोहर्ट्झच्या आत. आणि यूएसबीएएसपीचा नेहमीचा वेग आहे ३७५ किलोहर्ट्झ. परिणामी चिप प्रतिसाद देत नाही असा संदेश येतो आणि जोडणी अचूक असूनही विद्यार्थी तारा उपसत बसतो. एव्हीआरड्यूडच्या आज्ञेत ‘-B 10’ (बी मोठ्या लिपीतला) लिहिले की वेग सुमारे १०० किलोहर्ट्झच्या खाली येतो आणि काम होते. यूएसबीएएसपीच्या स्वस्त नकलांमधले जुने फर्मवेअर (आतला प्रोग्रॅम) ही आज्ञा मानत नाही. तेव्हा त्या प्रोग्रॅमरवरचा जेपी३ हा जम्पर जोडावा लागतो. कित्येक बोर्डांवर जम्परच्या जागी नुसती दोन भोके असतात, त्यामुळे विकत घेतानाच त्याला पिना आहेत का हे पाहावे.

दुसरी जागा फ्यूज बिट्सची, म्हणजे चिपचे घड्याळ, रिसेट वगैरे ठरवणाऱ्या आतल्या सेटिंगची. क्रिस्टल लावलेला नसताना घड्याळ बाहेरच्या क्रिस्टलवरून घेण्याचा फ्यूज लिहिला, तर चिप मुकी होते. ती मेलेली नसते, क्रिस्टल जोडताच पुन्हा बोलू लागते. रिसेट पिनच बंद करणारा फ्यूज मात्र साध्या प्रोग्रॅमरने उलटवता येत नाही, त्यासाठी रिसेटवर १२ व्होल्ट देणारे उच्चदाब प्रोग्रॅमिंग लागते. पहिल्या महिन्यात त्या बिटाला हात लावू नये.

व्होल्टेजचेही पाहिले पाहिजे. अनेक यूएसबीएएसपींवर ३.३ व्होल्टचा जम्पर असतो, पण तो फक्त पुरवठा बदलतो आणि संकेततारा ५ व्होल्टवरच राहतात असे आढळते. ३.३ व्होल्टचा सेन्सर किंवा रेडिओ मॉड्यूल त्याच तारांवर असेल, तर आधी मल्टिमीटरने मोजावे. याच्या उलट, मायक्रोचिपचा स्नॅप हा प्रोग्रॅमर सर्किटला वीज देतच नाही. ती वेगळी द्यावी लागते.

इतर कुळांबद्दल थोडक्यात सांगतो. एसटीएम३२ साठी एसटी-लिंक घ्यावा, कारण तो कोड चालू असताना मध्येच थांबवून व्हेरिएबल पाहू देतो, ही सोय यूएसबीएएसपीत नाही. ईएसपी३२ ला यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर पुरतो आणि बहुतेक बोर्डांवर त्याची सोय असतेच. रास्पबेरी पाय पिकोला तर काहीच लागत नाही; बूटसेल बटण दाबून केबल जोडली की तो पेनड्राइव्हसारखा दिसतो.

यूएसबीएएसपी घरी आणलात की कोड लिहिण्याआधी एव्हीआरड्यूडने चिपची सिग्नेचर, म्हणजे तिचा ओळख क्रमांक, वाचून पाहा. १ई ९५ ०एफ आले, तर प्रोग्रॅमर, ड्रायव्हर आणि जोडणी ठीक आहे. १ई ९५ १४ आले, तर दुकानदाराने ‘पी’ नसलेली एटीमेगा३२८ दिलेली आहे. ती चालते, फक्त आज्ञेत चिपचे नाव बदलावे लागते. आणि सगळी शून्ये किंवा सगळे एफएफ दिसले, तर मिसोची तार, रिसेट आणि पुरवठा, या क्रमाने तपासा.