गॅस संपण्याआधी

श्रोते हो, नमस्कार.

चवथीच्या आदल्या रात्री डिचोलीतल्या आमच्या घरी नेवऱ्यांचा दुसरा घाणा कढईत असताना शेगडीची ज्योत दोन-तीनदा फडफडली आणि विझली. भरलेला दुसरा सिलिंडर घरात नव्हता. कढईतल्या नेवऱ्या तेल पिऊन मऊ पडल्या आणि उरलेल्या नेवऱ्यांचे ताट घेऊन आई शेजारच्या घरी गेली. "सकाळपर्यंत तर ज्योत चांगली होती," असे ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, आणि ते खरेच होते.

सिलिंडरमध्ये प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण दाबाखाली द्रवरूपात भरलेले असते आणि आपण जाळतो ती त्या द्रवाची वाफ. तळाशी थोडा द्रव उरला असला तरी वाफ होत राहते व रेग्युलेटर तिचा दाब जवळपास सारखा ठेवतो, त्यामुळे नव्या सिलिंडरची आणि उद्या संपणाऱ्या सिलिंडरची ज्योत आपल्याला सारखीच दिसते. ज्योत पिवळी झाली म्हणजे गॅस संपत आला, असेही नाही. बर्नरची छिद्रे तुंबली तरी ती पिवळी होते.

काही घरांत सिलिंडरवरून ओले फडके फिरवून पाहतात. जिथवर द्रव असतो तिथवरचा पत्रा थंड राहतो व उशिरा वाळतो, वरचा भाग लवकर वाळतो. युक्ती चांगली आहे, पण आपल्या गोव्यात पावसाळ्यात दोरीवरचे कपडेही दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तिथे सिलिंडरवरची ओल काय सांगणार? आणि चवथ तर भर पावसाळ्यातच येते.

म्हणून माझा भरवसा वजनावर आहे. सिलिंडरच्या वरच्या कड्याला धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांपैकी एकीवर रिकाम्या सिलिंडरचे वजन लिहिलेले असते. घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो. तो आपल्याकडे 40 दिवस पुरत असेल, तर रोजचा खर्च सुमारे 350 ग्रॅम झाला. वजन करून रिकाम्या सिलिंडरचे वजन वजा केल्यावर साडेतीन किलो उरले, तर हाती दहा दिवस आहेत असे समजावे. वजन करण्यापूर्वी शेगडी व रेग्युलेटर बंद करावा, जवळ दिवा किंवा निखारा नसल्याची खात्री करावी, मगच रेग्युलेटर काढून टोपी बसवावी आणि सिलिंडर उभाच ठेवावा.

शेवटचा गॅस मिळावा म्हणून सिलिंडर आडवा करणे किंवा गरम पाण्यात ठेवणे, हे कृपा करून कोणीही करू नये. आडव्या सिलिंडरमधून वाफेऐवजी द्रवच रेग्युलेटरमध्ये शिरतो आणि शेगडीवर एकदम मोठा भडका उडू शकतो. तसेच गॅसचा वास आला, तर तो संपत आल्याचा वास असेल असे मानून थांबू नये. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेच्या बटणाला हात लावू नये आणि 1906 या क्रमांकावर घराबाहेरून फोन करावा.

आमच्याकडे आता दोन सिलिंडर आहेत. दुसरा जोडला की आई त्याच दिवशी दिनदर्शिकेवर पेन्सिलीने तारीख घालते आणि रिकाम्याची नोंदणी करते. चवथीच्या आधी तर पहिल्या सिलिंडरमध्ये थोडा गॅस शिल्लक असला तरी दुसरा भरलेला आहे ना, हे ती स्वतः उचलून पाहते.