गॅब्रिएला रॉबिन कोण होती?

[काळा पडदा. आधी पियानो, मग चित्र.]

चर्चच्या खिडकीची रंगीत काच फुटते आणि एक माणूस उताणा खाली कोसळू लागतो. आत्तापर्यंत गोळीबाराने कान किटले होते. आता फक्त एक कोवळं गाणं ऐकू येतं. माणूस पडतोय, फार हळू पडतोय, आणि त्याचं गेलेलं आयुष्य तुकड्यातुकड्यांनी डोळ्यांपुढून सरकतंय.

'काउबॉय बीबॉप' ही ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका, भाग पाचवा. जपान, १९९८.

हा प्रसंग पहिल्यांदा पाहिलेल्या कुणालाही विचारा. पुढे काय झालं, हे तो नंतर सांगेल. आधी विचारेल, "ते गाणं कुठल्या भाषेतलं होतं?"

[सीडीची पुस्तिका. बोट एका नावावर थांबतं.]

गाण्याचं नाव 'ग्रीन बर्ड'. संगीत योको कान्नो यांचं. त्यांच्याजवळच आणखी एक नाव छापलेलं होतं : गॅब्रिएला रॉबिन. तिचा फोटो नाही, मुलाखत नाही, आणि तिचे शब्द कुठल्याच शब्दकोशात नाहीत. लॅटिनसारखं वाटतं, पण लॅटिन नाही. फ्रेंचचा भास होतो, पण फ्रेंचही नाही. पुढे 'टर्न ए गुंडम' या ॲनिमे मालिकेत तेच नाव पुन्हा भेटलं, तशाच अनोळखी बोलांसकट.

आपल्याला हे तसं नवं नाही. तराणा ऐकताना 'दीम् तनन देरेना'चा अर्थ मैफलीत कोण विचारतं? तरी उस्ताद अमीर खाँसाहेबांनी त्या बोलांत फारसी अर्थ आहे, असं मांडलंच होतं. कान्नोंच्या चाहत्यांचंही तेच झालं. ऐकू येईल तसं एकेक अक्षर लिहून काढायचं, जुळवायचं, खोडायचं, पुन्हा ऐकायचं. अर्थ हाती लागला नाही, पण गाणं तोंडपाठ झालं.

[टोकियोचे रस्ते, रात्र. सॅक्सोफोन.]

योको कान्नो मूळच्या मियागीच्या, ईशान्य जपानमधल्या. वासेदा विद्यापीठात साहित्य शिकायला गेल्या आणि ८०च्या दशकात कोएई कंपनीच्या ऐतिहासिक व्हिडिओ गेमना संगीत देऊ लागल्या. १९९४ मध्ये 'मॅक्रॉस प्लस' ही ॲनिमे मालिका आली. १९९६ मध्ये 'एस्काफ्लोने'. त्याचं संगीत हाजिमे मिझोगुची यांच्यासोबत केलेलं, आणि वाजवायला वॉर्साचा फिलहार्मोनिक वाद्यवृंद. त्याच मालिकेचं शीर्षकगीत सोळा वर्षांची एक मुलगी गायली, माया साकामोतो. नायिकेचा आवाजही तिचाच.

आणि मग बीबॉप. पितळी वाद्यांचा दणका, बोंगो, मासातो होंडा यांचा सॅक्सोफोन. 'टँक!' हे शीर्षकसंगीत दीड मिनिटाचं, पण ते पुढे ढकलून थेट गोष्टीकडे जाणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. वाजवणाऱ्या चमूचं नाव 'सीटबेल्ट्स'. म्हणे हे लोक इतक्या जोरात वाजवतात, की जिवाच्या भीतीने पट्टे बांधून बसतात. गोष्ट अर्थातच रचलेली. पण ऐकल्यावर खरी वाटते.

या मालिकेच्या भागांना 'भाग' म्हणतच नाहीत, 'सेशन' म्हणतात. एकूण २६ सेशन्स. दिग्दर्शक शिनिचिरो वातानाबे यांनी मुलाखतींतून सांगितलंय, की न मागितलेलं संगीतही कान्नो आणून द्यायच्या. ते ऐकून त्यांना नवे प्रसंग सुचायचे, त्या प्रसंगांवरून कान्नोंना पुढची धून सुचायची. एरवी चित्र आधी ठरतं आणि संगीत त्याच्या मापाने शिवलं जातं. इथे कधी कधी कापडच आधी आलं.

[एकच दृश्य दोनदा. दोन वेगवेगळे आवाज.]

चाहत्यांच्या कानाची परीक्षा पाहायची तर त्याच पाचव्या भागात थोडं मागे चला. नायक चर्चकडे चालत जातो तेव्हा 'रेन' नावाचं गाणं वाजतं. ते गायलंय माई यामाने यांनी, मालिकेचं समाप्तीगीत म्हणणाऱ्या त्याच. पण ज्यांनी साउंडट्रॅकची सीडी विकत आणली, त्यांना त्यावर भेटला एका पुरुषाचा आवाज, स्टीव्ह कॉन्टे यांचा. गाणं तेच, गळा दुसरा. यामाने यांचं गाणं नंतरच्या सीडी-संचात आलं. कुठलं सरस, हा वाद आजही मिटलेला नाही. माझं मत विचाराल तर यामाने. कॉन्टे दुःख नीट सांगतात. यामाने ते सांगायचं टाळतात, आणि म्हणून ते जास्त लागतं.

२००२ मध्ये 'घोस्ट इन द शेल : स्टँड अलोन कॉम्प्लेक्स'. इथे भाषा खरीखुरी, रशियन. गायिका ओरिगा, मूळच्या रशियाच्या, कारकीर्द जपानमध्ये. २०१५ च्या जानेवारीत त्या गेल्या, अवघ्या ४४व्या वर्षी. 'इनर युनिव्हर्स' आता लावलं की सुरुवातीच्या त्या आलापाशी बरेच जण थोडे गप्प होतात.

जॅझ, चर्चमधला समूहस्वर, इलेक्ट्रॉनिक, सिंफनी. हे सगळं एकाच बाईचं कसं, असा प्रश्न पडणं स्वाभाविक होतं. आणि त्याहून गंमत म्हणजे, एका बाईच्या नावावर एवढं असताना दुसरीच्या नावावर ते मोजके, अगम्य शब्द का?

[साइतामा सुपर अरेना. भरलेल्या खुर्च्या.]

७ जुलै २००९. तानाबाताचा दिवस. वर्षभर ताटातूट झालेले दोन तारे या रात्री भेटतात, अशी जपानी समजूत. साइतामाच्या भव्य सभागृहात कान्नोंची मैफल होती. तिथे त्यांनी सांगून टाकलं : गॅब्रिएला रॉबिन म्हणजे मीच.

कित्येकांना संशय होताच. आवाजावरून, श्वासावरून त्यांनी तो केव्हाच बांधला होता. तरी वर्षानुवर्षं उखाण्यात घेतलेलं नाव शेवटी सरळ उच्चारलं गेलं, तसं काहीसं झालं.

[समुद्र. किनाऱ्यालगतची मोकळी जमीन.]

११ मार्च २०११. भूकंप आणि त्सुनामी. मियागी, कान्नोंचा प्रांत, सर्वाधिक हानी झालेल्यांपैकी एक.

पुढच्या वर्षी एनएचके वाहिनीच्या मदतकार्यासाठी एक गाणं आलं, 'हाना वा साकु', फुलं उमलतील. शब्द शुंजी इवाई यांचे, तेही मियागीचेच. चाल योको कान्नो यांची. इवाते, मियागी आणि फुकुशिमाशी नातं असलेली माणसं एकेक ओळ गातात, प्रत्येकाच्या हातात जर्बेराचं एक फूल. त्यांत गायक आहेत, नट आहेत, खेळाडू आहेत. कुणाचा सूर पक्का, कुणाचा जरा हलतो.

सॅक्सोफोन नाही. रचलेली भाषा नाही. शाळेतल्या मुलांनाही म्हणता येईल अशी साधी जपानी.

[एक हात, एक फूल. पियानो तोच, सुरुवातीचा. पडदा हळूहळू पांढरा होतो.]