डाळ शिजू न देणारं पाणी तळं कसं वाचवतं?

हे दोन ग्लास बघा. यात बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी, आणि यात आमच्या बोअरचं. दोन्हींत जास्वंदीच्या पाकळ्या कुस्करून घातल्यात. आता लिंबू पिळते, थेंब थेंब. डिस्टिल्डमध्ये तीन, चार, पाच... झालं गुलाबी! बोअरच्या पाण्यात? पाच... दहा... ढिम्म. पंधरा-वीस थेंबांनंतर कुठे जरा रंग पालटतोय.

हेच ते पाणी बरं का, ज्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. आई रोज नावं ठेवते त्याला. किटलीत बसतो तो पांढरा थर म्हणजे चुनखडी. जमिनीतून झिरपताना पाणी ती विरघळवतं आणि बायकार्बोनेट सोबत घेऊन येतं. आम्ल आलं की बायकार्बोनेट त्याला गाठतं, दोघांचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं, वायू उडून जातो. सामू, म्हणजे आपला पीएच, पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा, फारसा हलत नाही.

आता स्वीडनला चला. ब्रिटन, जर्मनीतल्या कोळशाचा धूर वाऱ्याबरोबर तिकडे जायचा आणि ॲसिड रेन होऊन पडायचा. स्वान्ते ओडेन या मृदाशास्त्रज्ञाने 1967 मध्ये हे जाहीरपणे मांडलं. तिथे बराचसा खडक ग्रॅनाइटसारखा, चुना जवळजवळ नाहीच. म्हणजे तळी या पहिल्या ग्लाससारखी! आम्लामुळे मातीतलं ॲल्युमिनियम सुटून पाण्यात उतरलं, माशांच्या कल्ल्यांवर बसलं. पाणी काचेसारखं नितळ, आणि आत मासा नाही. स्वीडनचंच गोटलंड बेट मात्र चुनखडकाचं, त्यामुळे तिथलं पाणी टिकाव धरून राहिलं. बाकीच्या तळ्यांत माणसांनी बोटीतून, हेलिकॉप्टरमधून दळलेली चुनखडी टाकली. हजारो तळ्यांत!

आपल्याकडे हवेतली धूळसुद्धा हे काम करते. तिच्यात कॅल्शियम असतं, ते बऱ्याच ठिकाणी पावसातलं आम्ल मारतं. धुळीबद्दल चांगलं बोलायची संधी पुन्हा मिळणार नाही, म्हणून सांगून टाकलं.

पण गोम इथे आहे. तळ्यातला बायकार्बोनेटचा साठा संपत आला तरी सामू बराच काळ ठीकच दिसतो, आणि मग धाडकन घसरतो. म्हणून तळं तपासताना अल्कता मोजतात, म्हणजे साठा किती उरलाय ते. कशी? आम्ल थेंब थेंब घालून, रंग बदलेपर्यंत. फक्त तिथे लिंबाऐवजी ब्युरेट असतो, म्हणजे आम्ल मोजून थेंब थेंब सोडणारी काचेची नळी.