रॉबिन विल्यम्सचं एक वाक्य

मंडळी, मी नट नाही, डॉक्टरही नाही. हॉलिवूडचा विनोदी नट रॉबिन विल्यम्स, त्याचा चाहता, एवढ्याच अधिकारावर इथे उभा आहे.

ओळख झाली ती व्हीसीआरवर, त्याच्या ‘मिसेस डाउटफायर’ या सिनेमामुळे. घटस्फोटानंतर पोरांच्या सहवासासाठी बाप म्हातारीचं सोंग घेऊन स्वतःच्याच घरी कामाला लागतो. आपल्याकडे १९९७ साली ‘चाची ४२०’मध्ये हीच बाई कमल हासनच्या अंगात लक्ष्मी गोडबोले होऊन, नऊवारी नेसून आली, त्यामुळे गोष्ट सांगत बसत नाही. एकच प्रसंग सांगतो. कोर्टाची बाई घर बघायला आलीये आणि म्हातारीचा मुखवटा खिडकीतून रस्त्यात पडून ट्रकखाली गेलाय. हा सरळ फ्रिजमधल्या केकमध्ये तोंड खुपसतो आणि चेहराभर पांढरं क्रीम घेऊन, जणू लेपच लावलाय अशा थाटात बाहेर येतो. मग चहा देताना क्रीमचा एक गोळा टपकन त्या बाईच्या कपात. माझे वडील इथे हसता हसता खोकत सुटायचे. आई पाण्याचा तांब्या आधीच आणून ठेवायची.

पडद्याबाहेरही हा तसाच. १९९५ मध्ये घोड्यावरून पडून ख्रिस्तोफर रीव्हला, म्हणजे आपल्या सुपरमॅनला, मानेखाली काही हलवता येईना. दोघं जुइलियार्ड नाट्यशाळेपासूनचे दोस्त. हॉस्पिटलच्या खोलीत एक गाऊनवाला रशियन डॉक्टर शिरला आणि म्हणाला, तुमची मागची बाजू तपासायचीय, आत्ताच्या आत्ता. तो रॉबिन होता. अपघातानंतर आपण पहिल्यांदा हसलो ते तेव्हा, असं रीव्हनेच पुढे लिहून ठेवलंय.

११ ऑगस्ट २०१४. कॅलिफोर्नियातल्या राहत्या घरी त्याने जीवन संपवलं. वय ६३. बातमीत ‘डिप्रेशन’ हा शब्द होता आणि संध्याकाळपर्यंत ते ठरलेलं वाक्य फिरायला लागलं: जगाला हसवणारा आतून रडत असतो. खोटं कशाला बोलू, मीही ते चौघांना पाठवलं. ऐकायला बरं वाटतं ना! आज त्याचीच मला लाज वाटते.

कारण शवविच्छेदनात निघालं वेगळंच. लुई बॉडी डिमेन्शिया. या आजारात मेंदूच्या पेशींत एका प्रथिनाच्या गाठी साचत जातात. झोप उडते, हात थरथरतो, भीती दाटून येते, भास होतात, आठवण दगा देते. डिप्रेशनही त्याच यादीतलं. मे २०१४ मध्ये डॉक्टरांनी त्याला पार्किन्सन्स सांगितला होता. खरं नाव तो गेल्यावर कळलं. म्हणजे हा माणूस कशाशी झुंजतोय, ते त्यालाच ठाऊक नव्हतं.

त्याची पत्नी सुझन हिने २०१६ साली मेंदूविकारांच्या एका वैद्यकीय नियतकालिकात हे सगळं लिहिलं. ते वाचताना मी एका ठिकाणी थांबलो. २०११ मध्ये ब्रॉडवेवर त्याने पाच महिने नाटक केलं, कधी दिवसाला दोन प्रयोग, शेकडो वाक्यं, आणि एकही चूक नाही. तीनच वर्षांनी, एप्रिल २०१४ मध्ये, व्हँकूव्हरला शूटिंग करताना त्याला एक वाक्य लक्षात ठेवणं जड जात होतं. एक वाक्य. ज्याच्या तोंडून संहितेत नसलेली वाक्यं धो धो यायची, त्याला.

तो सिनेमा ‘नाइट ॲट द म्युझियम’चा तिसरा भाग. रॉबिन गेल्यावर चार महिन्यांनी आला. तो त्यात अमेरिकेचे जुने अध्यक्ष रूझवेल्ट यांचा जिवंत होणारा मेणाचा पुतळा झालाय, घोड्यावर, ऐटीत. तेव्हा मी तो टाळला. सुझनचा लेख वाचल्यावर एका रात्री लावला आणि रूझवेल्ट बोलायला लागला की प्रत्येक वेळी मागे घेऊन पुन्हा बघत राहिलो. कुठे अडखळतोय, कुठे डोळे शब्द शोधतायत.

दोनदा बघितला. मला काही सापडलं नाही.