हंस आणि अभिजितच्या मधलं आभाळ

नमस्कार श्रोतेहो! भातकापणीच्या दिवसांत खानापूर-जांबोटीकडच्या शिवारात असाल, तर अंधार पडल्यावर वायव्येकडं बघा. खालच्या अंगाला निळसर-पांढरा ठळक तारा दिसेल, तो अभिजित. त्याच्या बराच वर हंस हा तारकासमूह. (बेळगाव शहरातून अभिजित दिसेल, हंसाचे पंख मात्र दिव्यांच्या उजेडात शोधावे लागतील.) या दोघांच्या मधल्या आभाळाकडं केपलर ही अवकाश दुर्बीण 2009 पासून चार वर्षं टक लावून होती. दीड लाख तारे, सगळे एकदम!

तिला ग्रह दिसत नव्हते बरं का. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा उजेड किंचित उतरतो, तेवढंच ती मोजायची. किंचित म्हणजे किती? आपली पृथ्वी सूर्यासमोरून जाताना कुणी लांबून पाहिली, तर दहा लाखांत 84 भाग उजेड घटेल. रविवार पेठेतल्या अडत्यानं दहा लाखांच्या हिशेबातले चौऱ्याऐंशी रुपये कमी असल्याचं नुसत्या नजरेनं हेरावं, तशातली गत. जमिनीवरून हे साधत नाही. आपल्या डोक्यावरची हवा सारखी हलत असते.

बरं, ही घट जेमतेम तेरा तासांची. मग पुन्हा वर्षानं. खात्रीसाठी ती निदान तीनदा दिसायला हवी. त्यातून ग्रहाची कक्षा आपल्या नजरेच्या रेषेत यायला हवी, आणि तो योग दोनशे ताऱ्यांमागं एखाद्याचा. शिवाय सूर्यासारख्या ताऱ्यांचा उजेड वाटला होता त्याहून चंचल निघाला, म्हणजे आणखी वर्षं हवी होती. नेमकं 2013 मध्ये दुर्बीण स्थिर धरणाऱ्या चार चाकांपैकी दुसरं चाकही बंद पडलं. अडीच हजारांवर ग्रह हाती लागले, पण हुबेहूब पृथ्वीसारख्यांचा हिशेब अर्धाच राहिला.

पेपरात निळ्या समुद्रांचे ग्रह छापून येतात, ती चित्रं चित्रकाराची. 2015 मध्ये जाहीर झालेल्या केपलर-452बी या ग्रहाचं वर्ष 385 दिवसांचं, म्हणून लगेच त्याला पृथ्वीचा भाऊ ठरवून टाकलं. मला ही घाई पटत नाही. उजेडाच्या घटीवरून आकार कळतो, तिथं पाणी आहे का ते कळत नाही.

हवेचा माग आता जेम्स वेब दुर्बीण काढते आहे. चाळीस प्रकाशवर्षांवरच्या ट्रॅपिस्ट-1 या लहानशा तांबड्या ताऱ्याभोवती सात खडकाळ ग्रह आहेत. त्यातल्या सगळ्यात आतल्या ग्रहावर दाट हवा असल्याची खूण 2023 मध्ये मिळाली नाही. बाहेरच्या ग्रहांची तपासणी चालू आहे. आणि सूर्यासारख्या ताऱ्यांचं राहिलेलं काम युरोपच्या प्लेटो मोहिमेकडं आलंय. तिला कॅमेरे आहेत 26, आणि तारेही जवळचे, तेजस्वी निवडलेत.